हिऱ्यातला हायड्रोजन: सुरुवात कुठून करावी

बेळगावहून दिल्लीच्या आंतरविद्यापीठ त्वरक केंद्रात (जिथे आयनांना, म्हणजे विद्युतभारित अणूंना, प्रचंड वेग देतात) हिऱ्यातला हायड्रोजन मोजण्यासाठी जाणार आहात, याचा मनापासून आनंद वाटला. हेलियमचे आयन आपल्याहून हलक्या हायड्रोजनवरून मागे उसळत नाहीत. म्हणून मागे उसळलेले आयन मोजणाऱ्या रदरफोर्ड बॅकस्कॅटरिंग पद्धतीच्या मागे न लागता, आयनांच्या धडकेने पुढच्या दिशेने उडणारा हायड्रोजनच मोजणाऱ्या ई.आर.डी.ए. (इलॅस्टिक रिकॉइल डिटेक्शन अ‍ॅनालिसिस) पद्धतीपासून सुरुवात करा.

नवख्यांची नेहमीची चूक म्हणजे स्पेक्ट्रममध्ये, म्हणजे उडालेल्या कणांच्या ऊर्जेच्या आलेखात, पृष्ठभागाच्या जागी दिसणारे उंच शिखर पाहून हिऱ्याच्या आत हायड्रोजन सापडला असे मानणे. ते बहुधा बाहेरून बसलेल्या पाण्याचे आणि तेलकट थराचे असते, तेव्हा नमुना चिमट्यानेच उचला. शिवाय आयनांच्या माऱ्याखाली हायड्रोजन निसटू शकतो, म्हणून बीमचा (आयनांच्या झोताचा) प्रवाह कमी ठेवा, आणि हायड्रोजन घटतो आहे का ते कळावे म्हणून एकाच जागेचे स्पेक्ट्रम लागोपाठ घ्या. प्रोटॉन-प्रोटॉन स्कॅटरिंगने, म्हणजे प्रोटॉनचा मारा करून हायड्रोजनचे त्रिमितीय चित्र काढण्याची पद्धत, तूर्त बाजूला ठेवा.