सातवा रकाना

अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र परवा मिळालं. नोकरीला लागून तीन आठवडे झाले, काम आवडतंय, माणसं बरी आहेत, हे वाचून आनंद झाला. पण माझं मन अडकलं ते शेवटच्या चार ओळींत. एका फॉर्मच्या सातव्या रकान्यात काय भरायचं ते तुला कळेना. शेजारच्या टेबलावरच्या बाई तो फॉर्म रोज भरतात. त्यांना विचारायचं सोडून तू रात्री घरी येऊन दीड तास फोनवर शोधत बसलीस, तीन ठिकाणी तीन उत्तरं मिळाली, आणि त्यातलं जे बरं वाटलं ते सकाळी भरून टाकलंस. वर मला लिहिलंस, "मावशी, एवढी साधी गोष्ट विचारली तर काय म्हणतील?"

बत्तीस वर्षं मी ग्रंथालयाच्या संदर्भ विभागात बसले. लोक प्रश्न घेऊन यायचे, तेच माझं काम होतं. माणसं कुणाला विचारतात, कसं विचारतात आणि विचारताना कुठे अडखळतात, हे फार जवळून पाहिलंय. म्हणून हे पत्र जरा लांबणार आहे.

आधी माझीच गोष्ट सांगते. नोकरीच्या पहिल्या महिन्यात माझ्याकडे कार्डं लावायचं काम आलं. तेव्हा प्रत्येक पुस्तकाची नोंद एका जाड कार्डावर असायची आणि ती कार्डं लाकडी खणात अक्षरक्रमाने लावून, खालच्या भोकांतून एक लांब सळई ओवून ठेवायची. अनुस्वाराचे शब्द आधी घ्यायचे की नंतर, असा प्रश्न मला पडला. कोशाकोशांत पद्धत वेगळी असते. आमच्याकडे कुठली पाळतात ते विचारायला मला फक्त चार पावलं चालायचं होतं. मी चालले नाही. माझ्या मनाने क्रम ठरवला आणि पंधरा दिवस कार्डं लावत राहिले. मग एक दिवस एक वाचक पुस्तक मागायला आला. पुस्तक कपाटात होतं, कार्डही खणात होतं, पण जिथे शोधलं तिथे नव्हतं. "आमच्याकडे नाही" म्हणून मी त्याला परत पाठवलं. संध्याकाळी आमच्या वरिष्ठांनी तो खण टेबलावर ठेवला, कार्डांच्या कडेवरून बोट फिरवत गेले आणि एका जागी थांबले. रागावले नाहीत. "पहिल्या दिवशी विचारलं असतंस तर अर्ध्या मिनिटाचं काम होतं," एवढंच म्हणाले. प्रत्येक खणाची सळई काढा, कार्डं उपसा, लावा, पुन्हा ओवा, यात माझे चार दिवस गेले. चार दिवसांचं मला काही वाटलं नाही. रिकाम्या हाताने परत गेलेला तो वाचक मात्र मनातून गेला नाही.

समोरचा माणूस वैतागेल, नाही म्हणेल, ही भीती किती खोटी असते हे मोजलंही गेलंय. फ्रान्सिस फ्लिन आणि व्हॅनेसा बोन्स या दोन संशोधकांनी २००८ मध्ये एक अभ्यास प्रसिद्ध केला. काही जणांना अनोळखी लोकांकडून एक प्रश्नावली भरून आणायला सांगितलं. पाच जण तयार व्हायला किती जणांना विचारावं लागेल, असं त्यांना आधीच विचारून ठेवलं होतं. त्यांचा अंदाज साधारण २० जणांचा होता. प्रत्यक्षात १० जणांच्या आसपासच काम झालं. अनोळखी माणसं इतकी तयार असतात, तर रोज शेजारी बसणाऱ्या बाई का नसतील? आणि नव्या माणसाला प्रश्न माफ असतात, ही सवलत फार दिवस टिकत नाही. आज जो प्रश्न साधा म्हणून विचारायला लाजतेस, तोच वर्षभराने विचारणं खरंच जड जाईल. तेव्हा आत्ताच विचारून घे. विचारताना "हे कसं करायचं?" असं मोघम नको. "सहाव्या रकान्यापर्यंत भरलंय, सातव्यात अमुक लिहावं असं मला वाटतं, बरोबर आहे का?" असं विचार. सांगणाऱ्याला दहा सेकंद पुरतात, आणि तू डोकं चालवून आली आहेस हेही त्याला दिसतं. उत्तर मिळालं की वहीत टिपून ठेव.

आता दुसरी अडचण, आणि माझ्या मते तीच मोठी आहे. कुणाला विचारायचं, हे आपण सोयीने ठरवतो. जो हाताशी असेल, ज्याच्यापुढे कमीपणा वाटणार नाही, त्याला विचारतो. त्याला ते ठाऊक आहे का, हा विचार मागाहून येतो, कधी येतच नाही. मोठमोठे अभियंतेही असंच करतात. गर्स्टबर्गर आणि ॲलन यांनी १९६८ साली संशोधन विभागातल्या अभियंत्यांचा अभ्यास केला. माहिती कुठून घ्यायची हे ठरवताना ती किती चांगली मिळेल यापेक्षा किती सहज मिळेल, हेच वरचढ ठरतं, असं त्यांना दिसलं. तेव्हा मोबाइल फोन नव्हते. आज सगळ्यात सहज मिळणारी गोष्ट तुझ्या उशाशी असते, रात्री दोनलाही जागी असते आणि कधी कपाळाला आठी घालत नाही. तू तिच्याकडे वळलीस यात नवल नाही. पण तुझा सातवा रकाना तुझ्या ऑफिसातला आहे. तिथे काय भरतात ते त्या ऑफिसातल्या माणसांनाच माहीत असणार.

म्हणून आधी प्रश्नाची जात ओळखायला शीक. काही प्रश्नांना मालक असतो: नियम, मुदत, औषधाची मात्रा. अशा प्रश्नाचं उत्तर जो लेखी देईल आणि चुकलं तर ज्याला जाब विचारता येईल, त्याच्याकडेच जायचं. दहा मित्रांचं एकमत झालं तरी ते उत्तर होत नाही. काही प्रश्न हाताने करायच्या कामाचे असतात. तिथे मोठ्या पदापेक्षा, ज्याने ते काम नुकतंच केलंय तो माणूस बरा, कारण कुठे ठेच लागते हे त्याच्या अजून लक्षात असतं. आणि नोकरी, संधी असलं काही शोधत असशील, तर घरच्यांच्या आणि जिवलगांच्या पलीकडे जा. मार्क ग्रानोव्हेटर या समाजशास्त्रज्ञाने ओळखीतून नोकरी मिळालेल्यांना ते ओळखीचं माणूस त्या सुमारास किती वेळा भेटायचं ते विचारलं. नेहमी भेटणाऱ्याकडून ती मिळालेले १७ टक्केसुद्धा नव्हते. बाकी सगळ्यांना ती अधूनमधून किंवा क्वचित भेटणाऱ्या माणसांकडून कळली होती. जवळच्यांना बहुतेक तेच माहीत असतं जे आपल्याला असतं.

राहिले ते "करू की नको" असे प्रश्न. हे फार जुने आहेत. ग्रीसच्या वायव्येला डोडोना नावाचं झ्यूस देवाचं ठिकाण होतं. लोक शिशाच्या पातळ पट्टीवर प्रश्न कोरून देवापुढे ठेवायचे. जमिनीतून निघालेल्या अशा ४,००० हून जास्त लेखांचं संकलन २०१३ मध्ये प्रसिद्ध झालं. राजेरजवाडे, लढाया यांचे प्रश्न त्यात थोडेच. एक जण विचारतो, माझ्या गाद्या-उशा हरवल्या, बाहेरच्या कुणी चोरल्या का? एकाला एका बाईच्या पोटातलं मूल आपलंच का, याची शंका आहे. लग्न करू का, प्रवासाला निघू का, हा धंदा बरा की तो? दोन-अडीच हजार वर्षांपूर्वीची ती वेडीवाकडी अक्षरं आणि रात्री दोन वाजता फोनवर चालणारी तुझी बोटं, यांच्यात मला फारसं अंतर दिसत नाही. अशा प्रश्नांना बाहेरून उत्तर मिळत नाही. तिथे तुला ओळखणारं माणूस हवं, जे तुझं अर्धा तास ऐकून घेईल आणि मधेच विचारेल, "पण तुला भीती नक्की कशाची वाटतेय?"

हा उलटा प्रश्न फार मोलाचा आहे. माझ्या सगळ्या नोकरीचं सार त्यात आहे. रॉबर्ट टेलर यांचा १९६८ सालचा एक लेख आम्हा संदर्भ विभागातल्या लोकांना पाठ असतो. मनातला प्रश्न तोंडापर्यंत कसा येतो, ते त्यात सांगितलंय. माणसाला आधी नुसती रुखरुख असते, तिला शब्द नसतात. मग मनात काहीतरी धूसर उमटतं. मग त्याचं वाक्य होतं. आणि समोर आल्यावर तो त्या वाक्याला कात्री लावून, इथे काय मिळू शकेल एवढाच प्रश्न विचारतो. म्हणजे तोंडून निघालेला प्रश्न मूळ प्रश्नापासून तीन पायऱ्या लांब गेलेला असतो.

एका दुपारी एक गृहस्थ आले. "हृदयाच्या आजारांवरची पुस्तकं कुठे आहेत?" मी कपाट दाखवलं. पाऊण तासाने पाहिलं तर ते तिथेच उभे, हातात एक जाडजूड ग्रंथ, पान एकही उलटलेलं नाही. जवळ जाऊन विचारलं, "कशासाठी हवंय, सांगाल का?" त्यांनी खिशातून चार घड्या घातलेला कागद काढला. वडिलांचा रिपोर्ट होता. त्यातल्या एका शब्दाभोवती पेनने गोल केला होता, इतक्यांदा गिरवून की तिथे कागद फाटायला आला होता. त्यांचा खरा प्रश्न पुस्तकाचा नव्हताच. वडील वाचतील ना, हा होता. त्याचं उत्तर माझ्या एकाही कपाटात नव्हतं. आम्ही दोघं बसलो आणि डॉक्टरांना विचारायचे तीन प्रश्न एका चिठ्ठीवर लिहिले: या शब्दाचा अर्थ काय, आता पुढे काय करायचं, आणि कुठलं लक्षण दिसलं तर लगेच यायचं. चिठ्ठी घेऊन ते गेले. महिन्याभराने परत आले, मुद्दाम सांगायला, की वडील घरी हिंडूफिरू लागलेत. मला तो दिवस अजून आठवतो. ज्याने तुला उत्तर दिलं त्याला पुढे काय झालं ते जरूर कळवत जा. बहुतेक लोक कळवायचं विसरतात.

फोन टाकून दे असं मी म्हणत नाही. मी स्वतः रोज शोधते. पण तिथे मिळालेलं वाक्य कुठून आलं, कधीचं आहे आणि त्याच्या मागेपुढे काय होतं, हे पाहिल्याशिवाय त्यावर पाऊल टाकू नकोस. दिवसाला आठ ग्लास पाणी प्यायलाच हवं, हे तूही ऐकलं असशील. त्याचं मूळ १९४५ मधल्या एका अमेरिकन शिफारशीत असावं असं मानतात. मोठ्या माणसाला दिवसाला साधारण अडीच लिटर पाणी लागतं, असं तिथे म्हटलं होतं. यातलं बरंचसं पाणी अन्नातूनच मिळतं, हेही तिथेच लिहिलं होतं. पहिलं वाक्य जगभर फिरलं, दुसरं मागे राहिलं. आता प्रश्न विचारला की सफाईने बोलणारी यंत्रंही आली आहेत. त्यांची मला मदत होते, पण ती बरोबर सांगताना आणि चूक सांगताना एकाच आवाजात बोलतात. माणूस अडखळतो, "मला वाटतं" म्हणतो, नजर वळवतो. त्यावरून आपल्याला कळतं. इथे तसं काही कळत नाही. मी त्यांचा उपयोग असा करते: अनोळखी विषयातले शब्द समजून घ्यायचे, आपला गोंधळ नेमका कुठे आहे ते पाहायचं, आणि मग नीट तयार केलेला प्रश्न घेऊन जाणत्या माणसाकडे जायचं.

आता त्या फॉर्मबद्दल. अंदाजाने भरलास तो अजून पुढे गेला नसेल, तर उद्या सकाळी पहिलं काम म्हणजे शेजारच्या बाईंना विचार. आणि गेला असेल तरीही सांग; "त्या दिवशी सातव्या रकान्यात मी असं लिहिलं, ते बरोबर होतं का?" एवढंच म्हण. त्या बाई काय म्हणाल्या, ते मला कळव.

तुझी,
मावशी