फोन अपडेट झाला आणि गाडीतली गाणी थांबली

प्रश्न : माझ्या २०१३च्या हॅचबॅकमध्ये कंपनीनेच बसवलेला स्टिरिओ आहे. परवा रात्री फोनने मोठा अपडेट घेतला. तेव्हापासून ब्लूटूथ जोडलं जातं, कॉलवर बोलणंही होतं, पण गाणी लागत नाहीत. लागलीच तर स्टिअरिंगवरच्या बटणाने बदलत नाहीत. दुकानदार म्हणतो, नवा स्टिरिओ टाका. (सांगली)

इतक्यात टाकू नका. कॉल नीट होतोय, म्हणजे स्टिरिओतला ब्लूटूथचा भाग जिवंत आहे. आपण सरसकट ब्लूटूथ म्हणतो, पण आत प्रत्येक कामाचे नियम वेगळे आहेत. बोलण्यासाठी एचएफपी, गाण्याचा आवाज वाहून नेण्यासाठी ए२डीपी आणि गाणं पुढे-मागे करणं, त्याचं नाव पडद्यावर दाखवणं यासाठी एव्हीआरसीपी. अपडेटनंतर फोन यातल्या एखाद्याची नवी आवृत्ती वापरू लागतो. स्टिरिओ मात्र गाडी बनली तेव्हा शिकलेलंच बोलतो. दोघांनी मिळून जुनी आवृत्ती निवडावी अशी सोय नियमांतच आहे, पण जुन्या स्टिरिओंना ते दर वेळी जमतं असं नाही.

आधी जोडणी पुसा, आणि दोन्हीकडून पुसा. बहुतेक जण फोनमधून गाडीचं नाव काढतात आणि गाडीच्या यादीतला फोन तसाच ठेवतात. जोडणीच्या वेळी ठरलेली किल्ली, म्हणजे दोघांमधला गुप्त संकेत, दोन्हीकडे साठवलेली असते. एकीकडची गेली आणि दुसरीकडची राहिली की घोळ होतो. घरातल्या विकून टाकलेल्या फोनांची नावंही यादीतून काढा. मग दोन्ही बंद-चालू करून नव्याने जोडा आणि फोनच्या ब्लूटूथ सेटिंगमध्ये गाडीच्या नावापुढे ‘मीडिया ऑडिओ’ चालू आहे ना, ते बघा.

एवढ्याने भागलं नाही आणि फोन अँड्रॉइड असेल, तर ‘अबाउट फोन’मधल्या ‘बिल्ड नंबर’वर सात वेळा टॅप करा. काही फोनांत तो ‘सॉफ्टवेअर इन्फर्मेशन’च्या आत असतो. यामुळे ‘डेव्हलपर ऑप्शन्स’ उघडतात. तिथे ‘ब्लूटूथ एव्हीआरसीपी व्हर्जन’ १.४ करा, नाही जमलं तर १.३, आणि प्रत्येक बदलानंतर फोन पुन्हा सुरू करून जोडणी नव्याने करा. जुन्या गाड्यांच्या बटणांचा प्रश्न बरेचदा इथेच सुटतो. अपडेटनंतर आवाज फार बारीक किंवा एकदम मोठा येत असेल, तर त्याच यादीतलं ‘डिसेबल ॲब्सोल्यूट व्हॉल्यूम’ चालू करून पाहा. बाकी कशाला हात लावू नका.

एक सावधगिरी. स्टिरिओ ‘रीसेट’ करायला कुणी बॅटरीची वायर काढणार असेल, तर आधी गाडीच्या कागदपत्रांत स्टिरिओच्या कोडचं कार्ड शोधा. काही स्टिरिओ वीज गेली की कोड मागतात आणि तो मिळेपर्यंत एक शब्द बोलत नाहीत.

प्रश्न : मी फोन अपडेट केलेलाच नाही, तरी अँड्रॉइड ऑटो (फोनमधले नकाशे, गाणी गाडीच्या पडद्यावर आणणारं ॲप) अचानक बंद पडलं. केबल लावली की चार्जिंग होतं, म्हणजे केबल चांगली आहे ना? (लातूर)

तसं म्हणता येत नाही. चार्जिंगच्या तारा वेगळ्या, डेटाच्या वेगळ्या. डेटाची तार आतून तुटली तरी चार्जिंग चालूच राहतं. तीन फुटांपेक्षा आखूड, चांगल्या प्रतीची केबल वापरा आणि फोनच्या पोर्टमध्ये बसलेला कापूस लाकडी टूथपिकने हलक्या हाताने काढा.

अपडेटबद्दल सांगायचं, तर अँड्रॉइड १०पासून अँड्रॉइड ऑटो फोनमध्येच असतं, पण त्याचे अपडेट प्ले स्टोअरमधून वेगळे आणि तुम्हाला न विचारता येतात. ‘ॲप्स’मध्ये त्याचा कॅश, म्हणजे तात्पुरता साठवलेला डेटा, पुसा. गाडी तरीही ओळखली नाही, तर ‘अनइन्स्टॉल अपडेट्स’ करून फोनबरोबर आलेल्या आवृत्तीवर या, गाडीला जोडून बघा, मग नवी घ्या.

प्रश्न : आयफोन गाडीला जोडला की मध्येच सूचना येते आणि आवाज आपोआप कमी होतो. (ठाणे)

फोन तुमच्या गाडीला हेडफोन समजतोय. ८० डेसिबलचा आवाज आठवड्यात ४० तास ऐकून झाला की कानांच्या काळजीपोटी तो आवाज उतरवतो. सोय चांगली आहे, फक्त चुकीच्या जागी लागली आहे. ब्लूटूथच्या यादीत गाडीच्या नावापुढच्या ‘आय’वर जा आणि ‘डिव्हाइस टाइप’मध्ये ‘कार स्टिरिओ’ निवडा. हा पर्याय आयओएस १४.४पासून आहे.

प्रश्न : गाडीत मिररलिंक आहे. आधीच्या सॅमसंग फोनवर नकाशा गाडीच्या पडद्यावर दिसायचा, नव्यावर दिसत नाही. कोणती सेटिंग? (नाशिक)

कोणतीही नाही, आणि हे लिहिताना मला वाईट वाटतंय. सॅमसंगने १ जून २०२०पासून मिररलिंक बंद केलं. आयफोनवर ते कधीच नव्हतं. तुमचा पडदा, वायरिंग, सगळं धड आहे. समोर बोलणाराच उरलेला नाही. गाडी विकताना ज्या सोयीचे पैसे घेतले, ती गाडी रस्त्यावर असेपर्यंत टिकावी ही अपेक्षा अवाजवी नाही, आणि सर्व्हिस सेंटरला हे लेखी कळवायला हवं असं मला मनापासून वाटतं. तोवर डॅशबोर्डवर होल्डर बसवा, नकाशा फोनवर आणि आवाज ब्लूटूथवरून. नवा पडदा घ्यायचाच असेल, तर तुमच्या गाडीचा तयार कप्लर (वायर न कापता जोडता येणारा प्लग) मागा, स्टिअरिंगची बटणं चालतील का ते विचारा. वायर कापून जोडणार असतील तर दुसरं दुकान बघा.

प्रश्न : ‘आई’चा फोन आला की गाडीत नुसते चौकोन दिसतात. हेही अपडेटमुळे का? (कोल्हापूर)

नाही. फोन नाव बरोबर पाठवतो, स्टिरिओत देवनागरी फॉन्टच नसतो. गाडीच्या अपडेटमध्ये तो आला तर आला. तोपर्यंत नेहमीच्या आठ-दहा जणांची नावं रोमन लिपीत ठेवा. आपल्याच गाडीत आपली लिपी दिसत नाही, ही तक्रारही कंपनीला जरूर कळवा.

प्रश्न : फोन जुन्या आवृत्तीवर परत नेता येईल का? की अपडेट घेणंच बंद करू? (पुणे)

परत जाणं विसरा. आयफोनची जुनी आवृत्ती ॲपल थोड्याच दिवसांत बंद करते. अँड्रॉइडमध्ये जमलंच तरी फोनमधला सगळा डेटा पुसला जातो आणि बऱ्याच फोनांत तर वाटच अडवलेली असते. अपडेट थांबवू नका. याच फोनवर तुमची बँक आणि यूपीआय आहे. सुरक्षेचे छोटे अपडेट लगेच घ्या. वर्षातून एकदा येणारी मोठी आवृत्ती दोन-तीन आठवडे थांबून घ्या, तोवर पहिल्या चुकांची दुरुस्ती बहुधा येते. गावाला निघण्याच्या आदल्या रात्री तर मुळीच नको.

सर्व्हिसिंगला गाडी द्याल तेव्हा जॉब कार्डावर ‘स्टिरिओचं सॉफ्टवेअर तपासणे’ एवढं लिहून घ्या. मागितल्याशिवाय ते क्वचितच कुणी करतं. स्टिरिओचं अपडेट घरी पेन ड्राइव्हने करणार असाल, तर फाइल कंपनीच्याच वेबसाइटवरून घ्या, पेन ड्राइव्ह एफएटी३२ (FAT32) प्रकारात फॉरमॅट करा आणि पडद्यावर पूर्ण झाल्याचं दिसेपर्यंत इग्निशन बंद करू नका.