गाढविणीचं दूध, सापावर कोंबड्या आणि सांड्याचं तेल : वाचकांचे प्रश्न

प्राण्यांपासून केलेल्या गावठी औषधांविषयी प्रश्न मागवले होते. सोलापूर शहर आणि जिल्ह्यातून आलेल्या पत्रांपैकी सहा इथे घेतली आहेत. पाठवणाऱ्यांची नावं मुद्दाम दिलेली नाहीत.

प्रश्न : नातू तीन महिन्यांचा आहे. गल्लीत एक बाई गाढवीण घेऊन येते, दारातच धार काढून चमचाभर दूध देते. त्यानं डांग्या खोकला होत नाही म्हणतात. आमची सगळी पोरं हेच पिऊन वाढली. सूनबाई नको म्हणते. कुणाचं खरं वो? (जोडभावी पेठ)

आजी, या वेळी सूनबाईचं ऐका.

गाढविणीचं दूध मुळात वाईट नाही. गाईच्या दुधात साधारण 3 टक्क्यांहून जास्त प्रथिनं असतात, गाढविणीच्या दुधात त्याच्या निम्मी. गोडवा मात्र आईच्या दुधाच्या जवळपास, म्हणजे 6-7 टक्के. गाईच्या दुधाची अॅलर्जी असलेल्या बाळांवर इटलीत डॉक्टरांनी ते रीतसर वापरून पाहिलंय. पण त्यात स्निग्धांश फार कमी, म्हणून तिथे वरून तेल घालावं लागलं, आणि ते दूध तापवलेलं होतं. दारातल्या चमच्यात यातलं काहीच नसतं. असते ती कच्ची धार, न धुतलेला हात आणि गल्लीतल्या दहा घरी फिरून आलेला चमचा. सहा महिन्यांपर्यंत बाळाच्या पोटात आईच्या दुधाशिवाय दुसरं काही जाऊ नये, पाणीसुद्धा नाही. औषध म्हणून मध चाटवत असाल तर तेही बंद करा. वर्षाच्या आतल्या बाळाला मधातून बोट्युलिझम, म्हणजे जंतूंच्या विषानं स्नायू लुळे पडण्याचा आजार, होऊ शकतो.

डांग्या खोकल्याला अडवते ती लस. 6, 10 आणि 14 आठवड्यांना पेंटाव्हॅलंटचे डोस असतात, सरकारी दवाखान्यात फुकट. तुमच्या नातवाचे दोन झालेले असायला हवेत, तिसरा आता येईल. कार्ड काढून बघा. इतक्या लहान बाळात हा खोकला नेहमीसारखी उबळ घेऊन येईलच असं नाही. कधी खोकला दिसतच नाही, श्वास मध्येच थांबतो आणि बाळ निळं पडतं. तेव्हा चमच्याच्या भरवशावर राहू नका.

जाता जाता, गाढवांचंही फार बरं चाललेलं नाही. 2012च्या पशुगणनेत देशात सव्वातीन लाखांच्या आसपास गाढवं होती, 2019मध्ये सव्वा लाखाच्या आत आली. तिकडे चीनमध्ये गाढवाच्या कातड्यापासून ‘एजियाओ’ नावाचं औषध करतात. त्यापायी आफ्रिकेतली गाढवं इतकी कापली गेली, की 2024 साली आफ्रिकी संघानं कातड्याच्या व्यापारासाठी होणाऱ्या कत्तलीवर बंदी घालायचं ठरवलं.

प्रश्न : मागच्या पावसाळ्यात दिराला शेतात साप चावला. गावातल्या जाणकारानं जखमेवर चीर देऊन कोंबड्या लावल्या. एकेक कोंबडी मान टाकत गेली, सातवी जगली तेव्हा ‘विष उतरलं’ म्हणाला. दीर आज ठणठणीत आहे. कोंबड्यांनी विष ओढलं नाही तर त्या मेल्या कशानं? (मंगळवेढा तालुका)

प्रश्न अगदी नेमका आहे, म्हणून उत्तर जरा लांबणार.

कोंबडीला आपल्यासारखा छाती-पोटामधला पडदा नसतो. छातीचं हाड खाली-वर होतं तेव्हाच तिच्यात हवा जाते-येते. तिला दोन्ही हातांत घट्ट आवळून, गुदद्वाराकडची बाजू जखमेवर दाबून धरलं की ते हाड हलत नाही आणि ती गुदमरते. चोच दाबली तर आणखी लवकर. विष पायात नसतानाही ती मरेल. सातवी जगली, कारण तोवर धरणाऱ्याचे हात दमले असतील किंवा त्यानं पकड सैल केली असेल. विष एकदा मांसात शिरलं की लसिकेतून आणि रक्तातून पसरतं. ते चोखून, कापून किंवा कोंबडी लावून परत येत नाही.

मग दीर वाचला कसा? बहुतेक साप बिनविषारी असतात. विषारी साप चावला तरी दर वेळी विष सोडतोच असं नाही. दीर वाचणारच होता, श्रेय कोंबड्यांना मिळालं. ज्या घरी माणूस गेला, त्या घरची गोष्ट ‘वेळ भरली होती’ म्हणून संपते, आणि जाणकाराचं नाव तसंच राहतं.

आपल्याकडे जीव घेणारे मुख्य साप चार : नाग, मण्यार, घोणस आणि फुरसं. रात्री जमिनीवर झोपलेल्याला मण्यार चावतो तेव्हा दुखतही नाही, खूण सापडत नाही. पहाटे पोट दुखतं, पापण्या मिटायला लागतात. घोणशीच्या विषानं रक्त गोठायचं थांबतं आणि मूत्रपिंड जातं. दवाखान्यात साध्या काचेच्या नळीत रक्त घेऊन 20 मिनिटं स्थिर ठेवतात. गोठलं नाही तर लगेच प्रतिविष सुरू होतं, सुरुवातीलाच 10 कुप्यांपर्यंत. या चारही सापांवर एकच औषध चालतं, म्हणून मेलेला साप पिशवीत घालून आणायची गरज नाही.

आणि हे प्रतिविषही प्राण्याकडूनच येतं. घोड्याला विषाच्या अगदी बारीक मात्रा टोचत जातात, त्याच्या रक्तात विषाला मारणारे घटक तयार होतात, ते वेगळे काढून कुप्या भरतात. मुंबईच्या हाफकिनमध्ये हे काम कित्येक दशकं चाललंय. विष येतं ते मुख्यतः तमिळनाडूतल्या इरुला लोकांच्या सहकारी संस्थेकडून. पूर्वी कातड्यासाठी साप पकडणारी ही माणसं आता विष काढून साप परत सोडतात. प्राण्याचंच औषध हवं असेल तर कोंबड्या सोडा, घोड्याकडे चला.

पुढच्या वेळी हात-पाय फळीला बांधून स्थिर करा, आवळपट्टी बांधू नका, चीर देऊ नका, 108ला फोन करा. आणि जाणकाराला एवढं सांगा, की साप, विंचू किंवा कुत्रं चावलेल्याला दवाखान्यापासून अडवून मंत्र-गंडेदोरे करणं हा महाराष्ट्रात 2013च्या जादूटोणाविरोधी कायद्यानं गुन्हा आहे. शिक्षा सहा महिने ते सात वर्षं.

प्रश्न : वडिलांचे गुडघे फार दुखतात. बाजारात एक जण जिवंत सरडे पुढ्यात मांडून ‘सांड्याचं तेल’ विकतो. आणावं का? (बार्शी)

नको. सांडा हा राजस्थान-कच्छच्या कोरड्या माळावरचा, पाला खाणारा सरडा. सोलापूर जिल्ह्यात तो सापडत नाही. पळून जाऊ नये म्हणून विकणारे त्याची पाठ मोडतात, म्हणूनच तो पुढ्यात इतका शांत बसलेला दिसतो. शेपटीतली चरबी कढवली की तेल. त्यात असतात ती साधी स्निग्धाम्लं, जी शेंगदाण्याच्या तेलातही आहेत. आराम पडतो तो चोळल्यानं आणि शेकल्यानं. बाटलीत नेमकं काय आहे हे विकणाऱ्यालाही ठाऊक नसतं.

सांडा मिळाला नाही की आपल्याकडे घोरपडीवर येतं. ती वन्यजीव कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहे : किमान तीन, कमाल सात वर्षं कैद आणि किमान 25 हजार दंड. नुसती बाटली घरात सापडली तरी अडचण. ‘हत्ताजोडी’ नावाची मुळी म्हणून जे विकतात, तेही घोरपडीच्या नराचं वाळवलेलं लिंग असतं. देवघरात ठेवणाऱ्यांनी हे वाचून ठेवावं. असं काही दिसलं तर वनखात्याचा 1926 हा नंबर आहे.

वडिलांना मांडीचे स्नायू बळकट करणारे व्यायाम शिकवा, वजन जास्त असेल तर उतरवा. कंटाळवाणं आहे, पण गुडघ्याला तेच मानवतं.

प्रश्न : उचकीवर मोरपिसाची राख मधातून देतात. चालेल का? (अक्कलकोट)

प्रयोग जुना आहे, ग्रंथांतही आहे. बहुतेक उचक्या आपोआप थांबतात, तेव्हा राखेला यश सहज मिळतं. गळून पडलेलं पीस घरात असणं गुन्हा नाही, मोर मारणं आहे. उचकी दोन दिवसांवर गेली तर राख बाजूला ठेवून मूत्रपिंड आणि पोट तपासून घ्या.

प्रश्न : यंत्रमागावर उभं राहून पायाच्या शिरा फुगल्यात, घोट्याजवळ जखम भरत नाही. मित्र म्हणतो तळ्यातल्या जळवा लाव. (अशोक चौक)

जळू ही या पत्रांतली सगळ्यात वजनदार गोष्ट. सुश्रुतानं तिच्यावर अख्खा अध्याय लिहिला आहे. बारा जाती, सहा विषारी, सहा निर्विष. जळू धरत नसेल तर दुधाचा किंवा रक्ताचा थेंब लावा, इथपर्यंत बारकावे. तिच्या लाळेत रक्त न गोठू देणारं हिरुडिन असतं. अमेरिकेच्या औषध प्रशासनानं 2004मध्ये वैद्यकीय जळवांना मान्यता दिली. तुटलेलं बोट पुन्हा जोडल्यावर त्यात साचलेलं रक्त काढायला शल्यविशारद त्या वापरतात.

पण तळ्यातली जळू वेगळी. जळूच्या आतड्यात मुळातच एरोमोनास नावाचे जंतू राहतात, आणि तुमची जखम आधीच उघडी आहे. शहरातल्या तळ्यात काय काय मिसळतं ते सोलापूरकराला सांगायला नको. मधुमेह असेल, रक्त पातळ करणारी गोळी चालू असेल किंवा अंगात रक्त कमी असेल तर बिलकूल नाही. जळू निघाल्यावरही जखम काही तास, कधी दिवसभर झिरपत राहते. करायचंच असेल तर नोंदणीकृत आयुर्वेद वैद्याकडे, आणि एकाला लावलेली जळू दुसऱ्याला लावणार नाही हे विचारून. त्याआधी शिरांची सोनोग्राफी करून घ्या. शिरांमुळे झालेली जखम बहुधा घट्ट पट्टीनं आणि पाय उंच ठेवल्यानं भरते. पाळीत अधूनमधून चालायला मिळतंय का तेही बघा.

प्रश्न : हात मोडलाय, प्लास्टर आहे. घरचे रोज पायाचं सूप पाजतात. उपयोग होतो का? (मोहोळ)

हाडं उकळली म्हणून त्यातला चुना फारसा सुपात उतरत नाही. जिलेटिन उतरतं, आणि मोडल्या हाडाला प्रथिनं लागतातच. सूप प्या, सोबत अंडी, दूध, डाळी खा, सकाळी उन्हात बसा. मीठ जरा कमी घाला. बिडी ओढत असाल तर सोडा, हाड जुळायला तिनंच उशीर होतो. कुणी खेकड्याचा रस्सा आणला तर तो नीट शिजलेला असू द्या. अर्धकच्च्या खेकड्यातून फुफ्फुसात कृमी जातात. मणिपूरकडे असे रुग्ण सापडतात आणि क्षय समजून त्यांच्यावर महिनोन् महिने भलतेच उपचार होतात. बोटं सुजली, निळी पडली किंवा मुंग्या यायला लागल्या तर सुपाची वाटी तशीच ठेवा आणि प्लास्टर सैल करून घ्यायला त्याच रात्री जा.