डी अँड डी (डंजन्स अँड ड्रॅगन्स) या फाशांवर चालणाऱ्या भूमिका-खेळात सिंधुदुर्गासारख्या तटावरून समुद्रात उडी मारली, तर डॅमेज (इजा) किती?

तट ३० फुटांचा धरलात तर ३ डी ६, म्हणजे सहा बाजूंचे तीन फासे टाकून बेरीज. पाण्यात नीट सूर मारता आला तर त्याच्या निम्मे. डंजन्स अँड ड्रॅगन्समध्ये दर १० फुटांना १ डी ६, जास्तीत जास्त २० डी ६, असा हिशोब आहे. पाण्यासाठीची सवलत २०२४ च्या नियमांत आहे: रिअ‍ॅक्शन (झटपट प्रतिक्रियेची एक कृती) वापरून अ‍ॅथलेटिक्स किंवा अ‍ॅक्रोबॅटिक्सचा चेक (वीस बाजूंचा फासा टाकून कौशल्याची परीक्षा) करायचा, १५ किंवा जास्त आले की डॅमेज अर्धे. तुमचा विझर्ड (जादूगार) पहिल्या लेव्हलचा आणि ८ हिट पॉइंट्सचा (पात्रात किती जीव उरलाय ते मोजणारे गुण) असेल, तर खरंच जपा. तीन फाशांची सरासरी १०.५ येते, म्हणजे चेक हुकला तर तो बहुधा शून्यावर जाईल, म्हणजे बेशुद्ध पडेल. १६ किंवा जास्त पडले तर जागीच मेला, कारण शून्यानंतर उरलेलं डॅमेज त्याच्या कमाल हिट पॉइंट्सइतकं होतं.

एक मात्र उडी मारण्याआधीच डीएमला (खेळ चालवणाऱ्या डंजन मास्टरला) विचारा: भरती आहे की ओहोटी? मालवणच्या किनाऱ्यावर ओहोटीला खडक उघडे पडतात. खडकावर पडलात तर सवलत नाही. डॅमेज पूर्ण, आणि वर प्रोनही (जमिनीवर आडवे).