विहीर 'अधिग्रहित' झाली म्हणजे गेली का? आणि 'पाण्याची आणीबाणी'

पारोळा तालुक्यातल्या एका भाऊंनी विचारलंय, की तहसीलमधून घरी पत्र आलं, 'आपली विहीर पिण्याच्या पाण्यासाठी अधिग्रहित करण्यात येत आहे', आणि तेव्हापासून वडील एकच बोलताय, "गई आपली इहीर". तर अधिग्रहण म्हणजे जप्ती का, संपादन का, की तिसरंच काही? आणि गावातली पोरं 'पाण्याची आणीबाणी जाहीर करा' असं निवेदन देणार आहेत, तो शब्द चालेल का?

भाऊ, आधी बाबांना सांगा की विहीर कुठेही गेलेली नाही, सातबाऱ्यावर आहे तशीच राहणार.

जप्त हा अरबीतून फारसीमार्गे आलेला शब्द, आणि जप्तीत तुमच्याकडे काहीतरी निघतं असं धरलेलं असतं, कर्ज थकलं नाहीतर गुन्ह्यातला माल सापडला. संपादनात तुमचा दोष काही नसतो पण मालकीच जाते, हायवेत, धरणात जमीन गेली म्हणतो ना आपण ते. अधिग्रहणात मालकी तुमचीच, फक्त वापर काही दिवसांसाठी सरकारकडे. आपल्या अहिराणीत सांगायचं तर 'हिसकी लिधी' पण नाही आणि 'मांगी लिधी' पण नाही, त्याच्या मधलं आहे, कारण हुकूम आहे पण त्या हुकमाला मुदत आहे आणि पैसे पण आहेत.

मग बाबांना 'गई' का वाटलं? मला वाटतं हे हिंदीमुळे होतंय. हिंदी बातम्यांमध्ये 'भूमि अधिग्रहण' म्हणजे आपलं भूसंपादन, जमीन कायमची जाणं. इकडे बऱ्हाणपूर, तिकडे सेंधवा, घरात दिवसभर हिंदी चॅनल, मग अधिग्रहण ऐकलं की छातीत धस्स होणारच. मराठीत संपादन आणि अधिग्रहण हे दोन वेगळे शब्द ठेवलेत ते फार चांगलं केलंय आणि आपण ते मिसळू देऊ नये, कारण फरक शब्दापुरता नाही, हक्काचा आहे.

पूर, आग, साथ अशा वेळी गाडी, जागा, साहित्य घ्यायचा अधिकार आपत्ती व्यवस्थापन कायदा २००५ च्या कलम ६५ मध्ये आहे, पण तिथेच अट आहे की आदेश लेखी पाहिजे, आणि ज्या कामासाठी घेतलं त्याची गरज असेल तेवढाच काळ ठेवता येतं. कलम ६६ मध्ये मोबदला, म्हणजे गाडी घेतली तर त्या भागात भाड्याचा जो दर चालू असेल तो धरून, आणि रक्कम पटली नाही तर ३० दिवसांत लवादाकडे जायची सोय. विहिरीच्या पत्रात कोणतं कलम छापलंय ते नीट वाचा, सगळी अधिग्रहणं एकाच कायद्यातून होत नाहीत. लेखी, मुदत आणि मोबदला यातलं काहीच नसेल तर ते आपल्याकडच्या जुन्या वेठीसारखंच, म्हणजे माणसाला बळजबरीने फुकट राबवून घ्यायचे तसं. ती वेठ घटनेच्या कलम २३ ने बंद केली.

हे मी पुस्तकी सांगत नाहीये. आमच्या काकांची विहीर अशीच घेतली होती. पत्र यायच्या महिनाभर आधीपासून काका गावाला पाणी देतच होते, गल्लीने वर्गणी काढून पाइप आणला, रात्री लाइट आली की कोणीतरी पोरगं मोटर चालू करायला जायचं, काकू हंडे मोजायची पण कोणाला नाही म्हणायची नाही. मग पत्र आलं. त्यात 'पासून' होतं, 'पर्यंत'ची जागा कोरी. काकांनी ठिबकच्या नळ्या अंथरून ठेवल्या होत्या, मे महिन्यात कपाशी लावायची होती, ती राहिली. पाऊस पडल्यावर ऑफिसात विचारलं तर 'मोबदला पुढच्या हप्त्यात', आणि तो हप्ता दिवाळीनंतर आला. पाणी दिल्याचं काकांना कधीच वाईट वाटलं नाही, ती कोरी जागा मात्र ते अजून बोलून दाखवतात.

आता आणीबाणी. 'आणीबाणीचा प्रसंग' हा वापर जुना आहे, अगदी कसोटीची वेळ या अर्थाने, तो खुशाल करा. पेपरवाल्यांची 'पाणीबाणी' पण मला आवडते, यमकात बसते आणि कोणाची फसगत होत नाही. पण 'आणीबाणी जाहीर करा' म्हटलं की अर्थ बदलतो. २५ जून १९७५ ते २१ मार्च १९७७ या काळाने हा शब्द कायमचा बांधून टाकलाय, लोक तुरुंगात गेले, पेपरांवर सेन्सॉर बसला. म्हणून १९७८ च्या ४४व्या घटनादुरुस्तीने कलम ३५२ मधलं, म्हणजे आणीबाणीच्याच कलमातलं, 'अंतर्गत अशांतता' हे ढगळ कारण काढून 'सशस्त्र उठाव' घातलं, मंत्रिमंडळाचा निर्णय लेखी पाहिजे, संसदेची मंजुरी एका महिन्यात पाहिजे, पुढे दर सहा महिन्यांनी परत पाहिजे, आणि जगण्याचा हक्क तेव्हाही थांबवता येत नाही. आता त्या कलमाखाली युद्ध, परकी आक्रमण, सशस्त्र उठाव एवढीच कारणं उरलीत, दुष्काळ त्यात बसतच नाही. पोरांना टँकर पाहिजे, चारा पाहिजे, मग त्यांनी 'टंचाई जाहीर करा' लिहावं, त्या शब्दावर तहसीलमधली फाइल हलते. हक्क थांबवणारा शब्द आपणच सरकारकडे मागायला जाऊ नये, एवढं त्यांना माझ्याकडून नक्की सांगा.

आणि तुमच्या अर्जात 'विहीर परत मिळावी' असं लिहू नका, त्याने गेली होती हे आपणच कबूल केल्यासारखं होतं. 'अधिग्रहणाची मुदत कळवावी व ठरलेला मोबदला अदा करावा' असं लिहा. 'नुकसानभरपाई' पण इथे नको, भरपाई नुकसान झाल्यावर मागतात आणि मग ते सिद्ध करत बसावं लागतं, मोबदला म्हणजे दिल्याच्या बदल्यात घेणं. झेरॉक्सवर आवक नंबर आणि शिक्का घेऊनच बाहेर पडा.