विद्यापीठाचं नवं बोधचिन्ह लोकांसमोर कसं आणावं?

तुमचा प्रश्न असा आहे: विद्यापीठाचं नवं बोधचिन्ह तयार आहे, दोन महिन्यांत जाहीर करायचंय, तर विरोध होऊ नये म्हणून अनावरणाचा कार्यक्रम कसा आखावा? मी बोधचिन्हं आणि छपाईच्या मांडणीचं काम करते. एका विद्यापीठाच्या अशाच समितीवर दीड वर्ष होते. त्या अनुभवावरून सांगते, कार्यक्रमाचा विचार तूर्त बाजूला ठेवा आणि आधी हे ठरवा की जुन्या मुद्रेचं काय होणार.

आमच्या समितीच्या चार बैठका झाल्यावर मी परीक्षा विभागात गेले होते, पदवी प्रमाणपत्राचा कागद बघायला. तिथल्या एका ज्येष्ठ बाईंनी कपाटातून रद्द झालेलं एक प्रमाणपत्र काढलं, कोपऱ्यातल्या उठावाच्या शिक्क्यावरून अंगठा फिरवला आणि कागद माझ्यापुढे धरला. "हात लावून बघा. झेरॉक्समध्ये हे येत नाही. पडताळणीला कागद आला की आम्ही आधी हेच चाचपतो. हे जाणार का आता?" माझ्या पिशवीत निळ्या रंगाच्या नऊ छटा होत्या, अक्षरांचे नमुने होते. त्यांच्या प्रश्नाचं उत्तर मात्र नव्हतं, कारण चार बैठकांत तो कुणी विचारलाच नव्हता.

मुद्रा आणि बोधचिन्ह या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. मुद्रा म्हणजे विद्यापीठाची सही. ती पदवीवर, ठरावांवर, करारांवर उमटते. बोधचिन्हाचं काम ओळख पटवून देण्याचं: संकेतस्थळ, फलक, पत्रकं, खेळाडूंचे शर्ट. तुमच्या माझ्या डोक्यात हा फरक स्पष्ट असतो. पण वीस वर्षांपूर्वी पदवी घेतलेल्या माणसाला 'नवं चिन्ह' एवढंच ऐकू येतं आणि त्याला वाटतं, भिंतीवर लावलेला आपला कागद आता जुना झाला. त्याच्या रागामागे ही भीती असते.

कॅलिफोर्निया विद्यापीठात २०१२ साली नेमकं हेच घडलं. त्यांची १८६८ हे साल मिरवणारी मुद्रा आहे: उघडं पुस्तक, वर तारा, फितीवर 'प्रकाश होवो' या अर्थाचं ब्रीदवाक्य. प्रचारसाहित्यासाठी त्यांनी एक साधं, आधुनिक चिन्ह केलं. पदवीवर जुनी मुद्राच राहणार होती. पण लोकांपर्यंत पोचलं ते एवढंच की मुद्रा काढून टाकली. विरोधाच्या अर्जावर पन्नास हजारांहून जास्त सह्या झाल्या आणि डिसेंबरात विद्यापीठाने ते चिन्ह मागे घेतलं. चिन्ह आवडणं न आवडणं हा भाग होताच, पण 'पदवीवर जुनीच मुद्रा राहील' हे वाक्य सगळ्यांत आधी आणि ठळकपणे लोकांसमोर असतं, तर निम्मा राग उठलाच नसता असं माझं ठाम मत आहे.

आयआयएम अहमदाबादमध्ये २०२२ साली झालेल्या वादाचं कारण वेगळं होतं. तिथल्या बोधचिन्हात सिदी सय्यद मशिदीच्या जाळीवरून घेतलेलं झाड आणि एक संस्कृत ब्रीदवाक्य आहे. ते बदलायचं ठरलं तेव्हा ४५ प्राध्यापकांनी नियामक मंडळाला पत्र लिहिलं. त्यांचं मुख्य म्हणणं, आम्हाला विचारलंच नाही. म्हणून तुमचं चिन्ह बाहेर जाण्याआधी आतल्या माणसांना दाखवा. प्राध्यापकांना तर दाखवाच, शिवाय परीक्षा विभाग, ग्रंथालय, वसतिगृहाचे अधीक्षक, प्रवेशद्वारावरचे सुरक्षारक्षक यांनाही दाखवा. पहिले प्रश्न त्यांनाच विचारले जातात. कुलगुरूंच्या भाषणापेक्षा खिडकीपलीकडच्या माणसाचं उत्तर जास्त लोक ऐकतात.

आता बदलाचं कारण. पत्रकात 'गतिमान', 'भविष्यवेधी' असले शब्द अजिबात घालू नका, ते कुणी वाचत नाही. खरं कारण दाखवा. ब्राउझरच्या टॅबवर दिसणारं चित्र अनेकदा जेमतेम १६ बाय १६ पिक्सेलचं असतं, म्हणजे एकूण २५६ ठिपके. त्यात आमच्या जुन्या मुद्रेतली तीन वर्तुळं, दिवा, पुस्तक, कमळ आणि गोलाकार ब्रीदवाक्य बसवलं की नुसता डाग दिसतो. आम्ही तो डाग मोठा करून छापला आणि शेजारी नवं चिन्ह त्याच मापात ठेवलं. अधिसभेत तासभर चाललेली चर्चा त्या एका कागदाने मार्गी लागली. तुमचं चिन्हही अजून तपासलं नसेल तर आजच तपासा: एक सेंटिमीटर रुंदीत, फक्त काळ्या शाईत, झेरॉक्सची झेरॉक्स काढून, कापडावर भरतकाम करून, आणि फोनवरच्या गोल चौकटीत. भरतकामात बारीक रेषा बुजतात, गोल चौकटीत आडव्या चिन्हाची टोकं कापली जातात. नोंदणीकृत चिन्हांचा शोधही घेऊन ठेवा. जाहीर झाल्यावर कुणाशी साम्य निघालं तर फार मनस्ताप होतो.

एक गोष्ट हमखास राहून जाते, ती म्हणजे फाइली. ज्या दिवशी जाहीर कराल त्याच दिवशी प्रत्येक विभागाला एकाच ठिकाणाहून मिळाल्या पाहिजेत: रंगीत, काळी, पांढरी, देवनागरी नावासह आणि नावाशिवाय, मोठी केली तरी न फाटणारी व्हेक्टर फाइल. रंग 'गडद निळा' असं लिहून भागत नाही. ऑक्सफर्डचा निळा पॅन्टोन (छपाईच्या रंगांना क्रमांक देणारी पद्धत) २८२ या क्रमांकाने ठरलेला आहे, तसा तुमचाही क्रमांक हवा. फाइल मिळाली नाही तर विभागातला कारकून संकेतस्थळावरून चित्र उचलतो, ताणून बसवतो, आणि पंधरा दिवसांत विद्यापीठात सहा वेगळी बोधचिन्हं फिरू लागतात. यात त्याची काही चूक नसते, त्याला आज पत्र पाठवायचं असतं.

कार्यक्रम साधा ठेवा, पडदा ओढणं वगैरे असलं तरी चालेल. छापून ठेवलेली लेटरहेडं संपेपर्यंत वापरली जातील, हेही पत्रकात लिहा. नाहीतर खर्चावरून बोलणं सुरू होतं, आणि ते रास्तच असतं.

जुन्या मुद्रेची सगळी रूपं आत्ताच स्कॅन करून ठेवा. आम्ही शोधायला लागलो तेव्हा तीन रूपं सापडली. एकात दिव्याची ज्योत डावीकडे झुकलेली होती, दोनांत सरळ. कुठली अधिकृत हे कुणालाच सांगता येईना. शेवटी ठरावाची मूळ प्रत काढून बघावी लागली.

आमच्या पत्रकाचं पहिलं वाक्य होतं: "आपल्या पदवी प्रमाणपत्रावरची मुद्रा आहे तशीच राहील." त्या बाईंनी ते वाचून विचारलं, "उठावाची, असं लिहा ना." आम्ही लिहिलं. तुमच्या पत्रकाचा मसुदा झाला की इथे टाका, मी नक्की वाचेन.