भाड्याच्या फ्लॅटमधला वीजमीटर खूप उंचावर आहे, रीडिंग कसं घ्यावं?

खुर्चीवर स्टूल ठेवून अजिबात चढू नका, कारण मीटरच्या आसपास वायरी असतात आणि तोल गेला तर हात नेमका तिकडेच जातो. त्याऐवजी मोबाईल सेल्फी स्टिकला लावा आणि जमिनीवर उभं राहूनच व्हिडिओ काढा. फोटोपेक्षा व्हिडिओ बरा, कारण डिजिटल मीटरवर तारीख, व्होल्टेज, युनिट असे आकडे आळीपाळीने येतात. त्यातला केडब्ल्यूएच (kWh, म्हणजे युनिट) लिहिलेला आकडा म्हणजे तुमचं रीडिंग. काचेवर फ्लॅश चमकत असेल तर तो बंद करून बाजूने टॉर्च मारा.

मीटर कुलूपबंद खोलीत असेल तर घरमालकाकडे किल्ली मागा, तीही लेखी, मेसेजवर. रीडिंग मिळालं नाही की बिल बहुधा अंदाजाने येतं आणि फरकाची रक्कम पुढे एकदम अंगावर येते.

सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे घरात राहायला येताना आणि घर सोडताना मीटर क्रमांकासकट रीडिंगचा फोटो घरमालकाला पाठवा. आधीच्या भाडेकरूची थकबाकी तुमच्या माथी का यावी?

मीटर खाली घ्यायचा असेल तर घरमालकाला वीज कंपनीकडे अर्ज करायला सांगा. खासगी इलेक्ट्रिशियनला सीलला हात लावू देऊ नका.